सासूबाईंना खाली कुणी घेतलं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. इतकी माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली, एकही परत आलं नाही. पण पुतणीची लेक सध्या मिरजेत नर्सिंग शिकते आणि तिला 'नर्सिंगचं माझं तत्त्वज्ञान' असा निबंध लिहायचाय. "आजी, तुझं काय तत्त्वज्ञान?" म्हणाली. आमच्या वेळी तत्त्वज्ञान मेट्रनबाईंकडे असायचं, आमच्याकडे बेडपॅन! तरी माझं एक आहे... आणि ते जिथून आलं, ते आजही मला उलगडलेलं नाही.

लढाईचे दिवस. नवरा पलटणीत होता, तिकडेच गेला. म्हसवडजवळच्या आमच्या गावात तार आली आणि सासूबाईंनी मला पांढऱ्या पायाची ठरवून घराबाहेर काढलं. मी मिरजेला एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकले, तिथेच नोकरीला लागले. सासरहून आणलेली वस्तू एकच — नवऱ्याची घोंगडी, चुलीच्या ठिणगीनं कोपरा जळालेली. ती क्वार्टरमध्ये ट्रंकेत कुलपात असायची, किल्ली माझ्या कमरेला.

आणि एक दिवस दिरांनी सासूबाईंनाच आमच्या वॉर्डात आणलं. पोटात गाठ, हाताबाहेर गेलेली. मी पाण्याचा पेला पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं.

"समद्यांचं हागणंमुतणं काढती ही. हिच्या हातचं पानी नगं मला."

नको तर नको. पेला ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पण त्यांना मरणापेक्षा खाटेची धास्ती होती. आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला भुईवर घेतात. खाटेवर जीव अडकतो म्हणतात. येईल-जाईल त्याला त्या विनवायच्या, "आवं, मला भुईवर घ्या. या लोखंडावर मारू नगासा." शेवटी मलाही म्हणाल्या. पेशंटला खाली उतरवायचं नाही, हा मेट्रनबाईंचा नियम. मी तो ऐकवला. खरं सांगते, नियम नसता तरी मी घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ऑपरेशन थिएटरात होते, तोंडाला कापड बांधून डॉक्टरांच्या हातात हत्यारं देत. ऑपरेशन लांबलं. दुपारी बाहेर येते तर वॉर्डात गलका. सासूबाई भुईवर! पाय धुतलेले, केस विंचरलेले. अंगाखाली घोंगडी — कोपरा जळालेली. मी कमरेला हात लावला. किल्ली जागेवर होती.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बाई, तुमीच की घेतलंसा खाली! एकटीनं, लेकराला उचलावं तसं. म्या बघितलं न्हवं का?"

मेट्रनबाई संतापलेल्या. मी म्हटलं, मी थिएटरात होते, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "कुणीतरी नर्स होती. तोंड कुठे बघतो मी?"

सकाळभर त्यांच्या कोपराशी उभी होते मी!

सासूबाईंनी खुणेनं जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेलेला. "म्या तुला हाकललं... आन् तूच मला भुई दिलीस, पोरी. पानी पाज."

'ती मी नव्हे' असं ओठांवर आलं होतं. पण पेला उचलला. चमच्यानं पाणी पाजलं, तेवढं गिळलं आणि गेल्या.

मला रडू आलं नाही, राग आला. जन्मात एकदा त्या माझ्याशी गोड बोलल्या, तेही दुसऱ्याच कुणाच्या कामाबद्दल. मेट्रनबाईंनी माझी रजा कापली आणि मला बँडेज धुवायला बसवलं. न केल्याची शिक्षाही मला, आशीर्वादही मलाच. घोंगडी सासूबाईंबरोबर कृष्णेकाठी गेली. संध्याकाळी ट्रंक उघडली — कुलूप शाबूत, लुगडी जशीच्या तशी, फक्त घोंगडीची जागा रिकामी.

कोण होती ती? माझंच रूप घेऊन, माझ्याहून बरी वागून गेली.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत आले, काय हवंय. भुई मागितली तर भुई दिली, नियम गेला खड्ड्यात. बोलणी खाल्ली, बढती हुकली. लोक म्हणायचे, केवढी माया! कसली माया? पुन्हा कुणी "तूच मला भुई दिलीस" म्हणालं, तर ती खरोखर मीच असायला हवी. एवढंच माझं तत्त्वज्ञान.