तीन भोकांचं गॅस्केट

झेंडूचा वास डिझेलच्या वासात मिसळला की माझं डोकं अजून फिरतं. कित्येक वर्षांपूर्वीची ती दसऱ्याची सकाळ आठवते. सानपाड्यातलं आमचं गॅरेज आणि समोर गिऱ्हाईकाच्या टर्बो डिझेल जीपचं उघडं इंजिन. ब्लॉकचा वरचा भाग घासून आणल्यामुळे पिस्टन जास्तच वर येत होते. मी मोजलं आणि दादाला म्हणालो, "जाड गॅस्केट लागेल, तीन भोकांचं. दुकान उद्या उघडेल." ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटच्या कडेला जितकी जास्त भोकं, तितकं ते जाड.

दादाच्या हातात पातळ, एका भोकाचं होतं. "गाडी आज पूजेला पायजे. जुनं पण एकाच भोकाचं होतं ना?"

"पिस्टन हेडला लागेल, दादा."

"मालक कोण इथला?"

त्याने स्वतःच ते बसवलं, बोल्ट आवळले, बॉनेटला हार घातला. आठवड्याभरात जीप खडखडत परत आली. गिऱ्हाईक ओरडायला लागलं, तसं दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "धाकट्याने बसवलं." मोठ्या भावाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी पाना घेतला आणि हेड परत खोलायला लागलो.

आता माझं गॅरेज नेरूळला आहे. दादा दर दसऱ्याला येतो, माझ्याकडे बोट दाखवलेल्या त्याच हाताने आपट्याचं पान देतो, म्हणतो, "सोन्यासारखा राहा."

आणि मी अजून वाकून त्याच्या पाया पडतो.