‘धरणे’साठी दोन दिवस: तिसगाव, पारनेर आणि सुनंदाचा बहार

मी सहसा रागाच्या भरात गाडी काढत नाही. या वेळी काढली, आणि बरं झालं काढली.

मी जर्मनमधून मराठीत भाषांतरं करते. बहुतेक यंत्रांची माहितीपुस्तकं, कधीतरी एखादं बरं पुस्तक. जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या वाचनालयात भाषांचं प्रदर्शन भरणार होतं. क्रियापद एकच, इंग्रजीतलं ‘होल्ड’, आणि भाषा चाळीस. प्रत्येक भाषेला एक पाटी: शब्द, त्याचं मूळ आणि वापराचं एक वाक्य. मराठीची पाटी तपासायला माझ्याकडे आली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘पकडणे. मूळ: हिंदीप्रमाणे. मी चेंडू पकडतो.’

हिंदीप्रमाणे! माझं डोकंच फिरलं. आम्हीही चोर पकडतो, चेंडू पकडतो, नाही कोण म्हणतंय? पण धीर धरतो, उपास धरतो, अबोला धरतो. बाळ बाळसं धरतं, रोप मूळ धरतं. एवढा मोठा संसार आणि भिंतीवर काय, तर चेंडू. मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. शब्दकोश उघडून घरबसल्या पाटी लिहिता आली असती, पण मला वाक्य पाहिजे होतं, कोणीतरी खरंच बोललेलं.

त्याच संध्याकाळी सुनंदाचा फोन आला. सुनंदा म्हणजे नगरला कॉलेजात असताना माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण. आता पारनेर तालुक्यात डाळिंबाची बाग बघते. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळे शेत सगळं तिच्या अंगावर. जमीन मात्र दोघा भावांची, आणि व्यवहार बघतो तिचा धाकटा दीर, गोरख.

“आगं, मी औंदा हस्त बहार धरलाय,” ती म्हणाली. “भावजी रविवारी फळं मोजायला येनारेत. न्हाई धरली तर जेसीबी लावून बाग काढायची म्हंत्यात. तू ये. कुनीतरी माझ्याकडचं पायजे तिथं.”

वाक्य घरबसल्या फोनवर आलं होतं, पण त्याचं पुढे काय होतंय ते आधी बघायला हवं होतं. निघाले.

शनिवारचा मुक्काम तिसगावला आत्याकडे ठरवला, पाटीचं गाऱ्हाणं तिला फोनवर सांगून ठेवलं, आणि सकाळी सहाला पुणे सोडलं. तुम्ही जाणार असाल तर सहाच्या आत सोडा, नाहीतर वाघोली आणि शिक्रापूरचा चौक तुमची सकाळ खाऊन टाकतील. साडेआठला सुप्यात नाश्त्याला थांबले. मिसळ झणझणीत, पाव ताजा, वर चहा, आणि शंभराची नोट मोडून थोडे परत आले. रात्रपाळी संपवून आलेले कामगार शेजारच्या बाकावर बसले होते. एकजण उठता उठता कळवळला.

“काय रं?”

“कंबर धरलीय. रातभर हुभा हाय मशीनवर.”

“मंग बस की जरा. मी गाडी धरून ठिवतो.”

मी मिसळीच्या बिलामागे दोन्ही वाक्यं उतरवून घेतली. हॉटेलवाला संशयाने बघायला लागला. “मॅडम, बिलात काय चुकलं का?” म्हणाला. मी नाही म्हटलं आणि त्याच्या मिसळीची मनापासून तारीफ केली.

पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, कंडक्टर अजून ‘चला नगर नगर’ ओरडतात. शहरात न शिरता बाहेरूनच पाथर्डी रस्ता धरला. (बघा, इथेही धरलाच.) रस्ता चांगला झालाय. करंजी घाट छोटा आहे, पण वळणं गंमत म्हणून घेऊ नका, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून समोर येतात. डिसेंबरची थंडी होती, ज्वारी कंबरेएवढी आणि आभाळ स्वच्छ निळं. बाराच्या सुमारास तिसगावला आत्याच्या दारात पोचले.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. ऐंशी ओलांडली, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मास्तरीण होती, आणि अजून समोरच्याला पहिलीतला समजते. तिने हुलग्याची शेंगोळी केली होती. ताटं वाढून झाल्यावर डोळे मिटून छोटी प्रार्थना म्हटली, ‘आमेन’ म्हणाली आणि त्याच दमात, “हं, सांग आता. बाकीचे लोक कसं धरतात?”

मी सांगायला लागले. आपलं ‘धरणे’ संस्कृतच्या ‘धृ’वरून आलं. तोच धागा इराणकडेही गेलेला आहे. फारसीत ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणं, जवळ ठेवणं. त्यातला ‘दार’ आपल्याकडे घोड्यावर बसून परत आला: जमीनदार, फौजदार, तहसीलदार.

आत्याचा घास हातातच राहिला. “म्हणजे जमीनदार म्हणजे जमीन धरणारा?”

“हो. आणि ‘धरणारा’ आणि ‘दार’ एकाच घरातले.”

“आणि मी चाळीस वर्षं पोरांना सांगत आले की हे परके शब्द आहेत म्हणून! परके कुठले, चुलत भाऊ निघाले की.”

फ्रेंच लोक ‘तनीर’ म्हणतात. त्याचं मूळ आपल्या ‘ताणणे’च्या मुळाशी जाऊन मिळतं. कन्नडमध्ये ‘हिडि’, तमिळमध्ये ‘पिडि’, आणि तमिळ माणसाला एखादी गोष्ट आवडते तेव्हाही तो तेच क्रियापद वापरतो. जपानीत ‘मोत्सु’, आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ‘कुशिका’. आणि इंग्रजीचं ‘होल्ड’, जर्मनचं ‘हाल्टन’? त्यांचा सगळ्यात जुना अर्थ गुरं राखणं, कळप सांभाळणं असा होता.

हे ऐकून आत्या खळखळून हसली. समोरच्या वावरात एका धनगराच्या मेंढ्या बसवलेल्या होत्या, खतासाठी. तिने खिडकीतून तिकडे बोट दाखवलं. “म्हणजे साहेबाचा शब्दसुद्धा मेंढरांमागं फिरलेला. उगीच घाबरले मी त्या इंग्रजीला आयुष्यभर.” मग वाटी पुढे करून म्हणाली, “पण एक सांग. आपल्याइतकं कोणी धरतं का?”

मी म्हटलं, मोजलं नाही. ती म्हणाली, “मग मोज,” आणि दुपारभर वही घेऊन बसली. नाव ठेवायला जागा नाही अशा वळणदार अक्षरात तिने तीन पानं भरली. शेताला पाणी देणं म्हणजे दारं धरणं. नाद धरणं, वेठीला धरणं, गृहीत धरणं, ताल धरणं, जीव मुठीत धरणं, हरभऱ्याने घाटे धरणं. रात्री झोपायला जाताना पुन्हा उठून आली, “अगं, ‘पदराला धरून’ राहिलं!” मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तिने शिकवलेली पोरं आज कुठे कुठे असतील, आणि प्रत्येकाच्या तोंडात ही तीन पानं असणार.

(मुक्कामाला नातेवाईक नसतील तर पाथर्डीत साध्या खोल्या मिळतात, नगरला जास्त चांगल्या. तिसगावच्या बाजारात बाजरी जरूर घ्या.)

रविवारी सकाळी सातला निघाले आणि नगरवरून सुप्याला परत येऊन पारनेरच्या रस्त्याला लागले. हा कोरडवाहू मुलूख आहे, माळरान आणि मध्येच एखादं हिरवं शेततळं. सुनंदाच्या गावच्या दूध डेअरीपाशी थांबून मी बागेचा पत्ता विचारला.

“सुनंदाची बाग कुठे आहे हो?”

“कोन सुनंदा?” कॅनवाले काका म्हणाले. “हां, गोरखची बाग व्हय? जा असंच सरळ. त्यानं औंदा हस्त धरलाय म्हंत्यात. डेरिंगबाज हाय गडी.”

मी गियर जरा जोरातच टाकला आणि गाडी पुढे घेतली.

ज्यांना डाळिंब फक्त ताटातलं माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. डाळिंबाचं झाड पाणी मिळालं की कधीही फुलत बसतं. म्हणून शेतकरी ठरवतो कोणत्या हंगामाचं फळ घ्यायचं, आणि त्याला म्हणतात बहार धरणं. त्यासाठी आधी झाडाचं पाणी तोडायचं. ताण द्यायचा, पानं पिवळी पडून गळेपर्यंत. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी. झाड घाबरून कळ्या काढतं. गावात बहुतेकजण पावसाळ्याच्या तोंडावर मृग बहार धरतात, पण त्यात पावसाने तेल्या रोग येतो, आणि गेली दोन वर्षं सुनंदाचं फळ त्यानेच नासलं. म्हणून या वर्षी तिने हस्त धरायचं ठरवलं, ऐन पावसाळ्याच्या शेवटी ताण द्यायचा आणि थंडीत फळ वाढवायचं. धोका उघड होता. ताण चालू असताना पाऊस पडला तर सगळं मुसळ केरात. आणि दोनदा पडला.

सुनंदा बांधावर उभी होती, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घातलेला, डोळे रात्रभर न मिटलेले. “पाऊस पडला तवा भावजी म्हनले, तुमच्या नादानं बाग गेली. मी चर खांदले झाडामधी, दोन बाया घेऊन. पानी साठूच दिलं न्हाई.” मग आवाज खाली आणून, “तुला सांगते, फळ न्हाई लागलं तर बहार मी घालवला. लागलं तर गोरखनं धरला. माझं दोन्हीकडनं मरन.”

मी डेअरीवरचं तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात गोरखभावजी मोटारसायकलवरून आले. उंच, मितभाषी माणूस, वाईट मुळीच नाही, फक्त घाबरलेला. रामराम केला आणि सरळ पहिल्या ओळीत शिरले. एका झाडाखाली वाकून फांद्या वर करून मोजायला लागले. फुलं वेगळी, गळणारी कळी वेगळी, धरलेलं फळ वेगळं. धरलेलं फळ ओळखायला सोपं, बुडाशी फुगीर होतं आणि बोटाने हलवलं तरी गळत नाही. झाडाला पन्नास-साठ धरली की बाग राखण्याजोगी. सुनंदा हाताची घडी घालून उभी. मी श्वास धरून.

“साठ,” ते म्हणाले. पुढचं झाड. “शहात्तर.” मग मधली ओळ सोडून एकदम टोकाला गेले, जिथे पाणी साठण्याची जास्त भीती होती. तिथे बराच वेळ वाकून होते. उठले तेव्हा टोपी काढून कपाळ पुसलं.

“नव्वदीच्या वर हायेत.”

“अजून कळी निघतीय,” सुनंदा म्हणाली.

“व्हय.” त्यांनी एक फळ बोटाने हलवून बघितलं. “बगू.” आणि गाडीला किक मारून गेले. जेसीबीचं नाव काढलं नाही, पण शाबासही म्हणाले नाहीत.

सुनंदा मटकन खाली बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “भूक लागली गं. सकाळधरनं च्यासुदिक घेतला न्हाई.” बांधावर बसून आम्ही भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिला फ्रेंच लोकांच्या ‘तनीर’बद्दल आणि आपल्या ताणाबद्दल सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. “त्यांच्याकडं डाळिंब असतं का?” “फारसं नाही.” “मंग त्यांना काय ठाव, किती दिवस ताण द्यायचा ते,” म्हणाली आणि अजून एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. अभिमानाने माझी छाती फुगली होती, तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर आमच्या क्रियापदासाठीही.

संध्याकाळी सातला पुण्यात घरी. एकूण साडेतीनशे-चारशे किलोमीटर, एक टाकी पेट्रोल, डिकीत दहा किलो बाजरी आणि आत्याची तीन पानं.

सोमवारी पाटी लिहिली. ‘धरणे. मूळ: संस्कृत धृ. नातेवाईक: फारसी दाश्तन.’ आत्याच्या यादीतले आठ वापर. आणि वाक्य: ‘सुनंदाने बहार धरला.’ खाली चार ओळींत ताण, कळी, फळ, सगळं समजावलं. वाचनालयातल्या जर्मन बाईंचं उत्तर आलं: फार सुंदर, आम्हाला पाटी मोठी करावी लागेल, पण पाहुण्यांना सुनंदा कोण हे कळणार नाही, तिथे ‘शेतकऱ्याने’ असं चालेल का? मी कळवलं, पाटी हवी तेवढी मोठी करा, नाव बदलायचं नाही.

गुरुवारी दुपारी सुनंदाचा फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती.

“आगं, भावजींनी चौघा बागायतदारांना आनलंय बाग दाखवायला. त्यातला येक म्हनला, गोरख, ताण किती दिवस दिला रं? तर भावजी म्हनले, मला काय इचारता, बहार वहिनीनं धरलाय, तिला इचारा.”

“मग?”

“मंग काय, आर्धा तास झाला मीच बोलतीय.” ती हसत होती. “आन् च्या कोन करतंय म्हाईतेय का आत? भावजी. साखर कुटं हाय म्हनून दोनदा इचारून गेले.”

आतून पुन्हा हाक आली, “वहिनी, गाळनी कुटं?”

“फळीवर!” ती ओरडली, आणि मला म्हणाली, “ठिवते गं, ही मानसं खोळंबल्यात माझ्यासाठी.”