डबेकाकांचं झाकण

डबेकाकांच्या हातचं झाकण उघडायचं तर आधी पदर खोचायचा, असं गल्लीतल्या बायका म्हणत. त्यात अतिशयोक्ती नव्हती. चाळीस वर्षांहून जास्त काळ या माणसाने पत्रा कापला, वाकवला, सांध्यांना कथलाचा डाग दिला आणि डब्यांना झाकणं बसवली. पिठाचे डबे, बिस्किटांचे डबे, शिंप्याच्या बटणांचे डबे. त्यांच्या डब्यात मुंगी शिरली असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आणि तरीही काकांना विचारलं तर ते मान हलवून म्हणत, "झाकण काही आपल्याला जमलं नाही बघा."

हा विनय नव्हता. असल्या भानगडीत काका कधी पडलेच नाहीत. त्यांना मनापासून तसं वाटत होतं आणि त्याला कारण होत्या काकू.

काकू लग्नाआधी कॉफी भाजायच्या कारखान्यात बिया निवडायला होत्या. फुटक्या, करपलेल्या, पोकळ बिया बाजूला काढायच्या, दिवसभर. आठवड्याच्या शेवटी दोन-चार ओंजळी चांगल्या बिया घरी न्यायला मिळत. त्या ठेवायला म्हणून त्यांनी काकांच्या दुकानातून एक डबा नेला आणि तिसऱ्या दिवशी परत आणून समोर आपटला.

"झाकण सैल आहे."

"अहो बाई, यातून पाण्याचा थेंब गळणार नाही."

"पाणी कोण ठेवतंय? वास येतोय बाहेर. बाहेर आला तेवढा आतला गेला."

काकांनी दुसरं झाकण करून दिलं. तेही परत आलं. मग मात्र काका इरेला पेटले. आत एक झाकण, त्यावर दुसरं, दोन्हींच्या कडा अशा घासलेल्या की मध्ये केससुद्धा जाऊ नये. काकूंनी त्याच दुपारी भाजलेल्या बिया त्यात भरल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्यांचे वडील शेजारी पेपर वाचत बसलेले असताना फटाक् करून दोन्ही झाकणं उडाली. वरचं वडिलांच्या चष्म्याला चाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या त्या हसू दाबतच. चूक त्यांचीच होती. नुकत्या भाजलेल्या बिया बराच वेळ आतली हवा बाहेर टाकत असतात, त्यांना एक दिवस उघड्यावर ठेवून मगच कोंडायचं असतं. पण कारखान्यातल्या साऱ्या डब्यांची झाकणं इतकी ढिली, की हे कळायची वेळच कोणावर आली नव्हती.

"तुमचं झाकण फारच चांगलं निघालं, म्हणून हा घोटाळा झाला," त्या म्हणाल्या.

काका तिथेच विरघळले. काकूंच्या तोंडून झाकणाचं कौतुक झालं ते तेवढं एकदाच, पण काकांना ते लग्न ठरवायला पुरलं. सासरेबुवा मात्र पुढे कधीही जावयाच्या दुकानात आले की आधी चष्मा काढून खिशात ठेवत.

घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. मधे लाकडी जिना. स्वयंपाकघर पार मागे, त्याची खिडकी परसात उघडणारी. काकूंचा कॉफीचा कायदा कडक होता. डबा शेगडीजवळ नको, खिडकीत नको, ओल्या हाताने धरायचा नाही. एका वेळी लागतील तेवढ्याच बिया दळायच्या. मोठा डबा तर घरात आणायचाच नाही, कारण तो अर्धा रिकामा झाला की उरलेला अर्धा हवेने भरतो आणि तीच हवा बियांना खाते. म्हणून काकांनी चार लहान डबे केले, एकेक आठवड्याचा. एक उघडा, तीन बंद, सगळे जिन्याच्या वरच्या टोकाशी असलेल्या अंधाऱ्या फळीवर. पाचव्या आठवड्याचा डबा मागायची सोय नव्हती. "महिन्याच्या वर देवाच्या डब्यातसुद्धा टिकणार नाहीत," काकू म्हणत.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी नवा फ्रिज घेतल्यावर मोठ्या हौसेने बियांची काचेची बरणी त्यात ठेवली आणि काकूंना कॉफीला बोलावलं. काकूंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "काल लसूण सोलून ठेवला होतात का हो?" मास्तरीणबाई महिनाभर बोलल्या नाहीत. नंतर गुपचूप येऊन चार डबे करून घेऊन गेल्या.

असं तिखट नाक. त्या नाकाला खोटं पाडायची काकांची काय टाप? आणि हे नाक लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून एकच तक्रार करत होतं.

काका सकाळी सहाला खाली उतरून कामाला लागत. सातच्या सुमाराला जिन्यावरून कॉफीचा वास उतरत उतरत थेट ऐरणीपर्यंत यायचा. काका हातोडी ठेवायचे, वर जायचे आणि मागल्या स्वयंपाकघरात काकूंना विचारायचे, "अगं, खालपर्यंत वास येतोय. डबा उघडा टाकलास का?"

"मी इथे दार लावून उघडला. फळीवर रात्रभर गळत असणार. तुमचं झाकण!" काकू दुधावरची नजर न हलवता सांगत.

काका चडफडत कॉफी पीत, पण पीत तिथेच, त्यांच्याजवळ बसून. दोन महिने गेले की नवं झाकण. कधी कडेला जास्तीची घडी, कधी आतल्या झाकणाला मेणकापडाची पट्टी. तरी वास यायचाच. घरच्या डब्यावर जे जे करून पाहिलं ते ते गिऱ्हाइकांच्या डब्यांत उतरलं आणि दूरदूरची माणसं काकांचं नाव विचारत दुकानात येऊ लागली. काकांना त्याचं काही सुख नव्हतं. घरची बाई खूष नाही तर बाहेरच्यांच्या शाबासकीला काय चाटायचंय?

दोन वर्षांपूर्वी काकूंनी नेहमीसारखे चार डबे भरले. तिसरा चालू असताना त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. तिसऱ्या डब्यातल्या बिया भेटायला येणाऱ्या माणसांच्या कॉफीत संपल्या. चौथा फळीवर राहिला. काकांनी कॉफी सोडली. सकाळी खाली काम करताना जिन्यावरून काही येत नसे.

चौथा डबा त्यांनी उघडला नाही. महिन्याच्या पुढे बिया टिकत नाहीत हे त्यांना पाठ होतं. पण त्यातल्या बिया काकूंनी निवडल्या होत्या, झाकण काकूंच्या तळव्याने दाबलं होतं आणि आत त्या दिवशीची, त्या घरातली हवा होती. झाकण घट्ट असतं तर तेवढं तरी राहिलं असतं. पण ते घट्ट नाही, असं काकू जन्मभर सांगत आल्या होत्या. म्हणजे रोज थोडं थोडं ते निघून जातंय, आणि आपल्या हातच्या चुकीमुळे जातंय, हे काकांना सहन होत नसे. ते रोज डबा पुसून जागेवर ठेवत आणि डबा नाकाशी न्यायचं धाडस त्यांना होत नसे.

असंच पुसताना एका सकाळी बोटाला खरखर लागली. फळीमागच्या भिंतीला ओल आली होती आणि डब्याच्या बुडाशी, सांध्यालगत, मसुराएवढा तांबडा गंज धरला होता. काकांनी नखाने टोकरून पाहिलं. महिन्या-दीड महिन्यात तिथे भोक पडणार होतं. वेळेवर डाग दिला तर डबा वाचणार होता, पण भरल्या डब्याला डाग देत नाहीत. तापलं लोखंड पत्र्याला लागलं की आतलं करपतं. डबा वाचवायचा तर आधी रिकामा करायला हवा होता.

तीन आठवडे काका नुसते फळीजवळ जाऊन परत येत राहिले. पत्र्यातलं सगळं कळणारा माणूस त्या एवढ्याशा गंजापुढे हतबल झाला.

मुलगी दर रविवारी यायची. त्या रविवारी आली तर काका जिन्याच्या वरच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेले.

"बाबा, असे का बसलात?"

काकांनी गंज दाखवला. मुलगी शेजारी बसली. "उघडू या ना मग. मी आहे ना."

"उघडून काय मिळणार?" काका म्हणाले. "तुझी आई रोज सांगायची, झाकण गळतं. चाळीस वर्षं मला एक झाकण धड बसवता आलं नाही बघ. दोन वर्षांत सगळं गेलं असणार यातलं. नुसता रिकामा पत्रा सांभाळतोय मी."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले.

"बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अहो, झाकण कधीच गळत नव्हतं. आई रोज सकाळी डबा घेऊन इथे यायची, या पायरीवर. इथे उघडायची. पदराने खाली वारा घालायची, आणि लगेच लावून पळत स्वयंपाकघरात. मी लहान असताना मला पकडून सांगितलं होतं तिने, बाबांना बोलायचं नाही. म्हणायची, हाक मारली की पाच मिनिटांत येतो म्हणतात आणि तासाने येतात. वास गेला की बरोबर भांडायला वर येतात."

काकांनी त्या पायरीवरून हात फिरवला. ज्या बाईने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वासाचा हिशेब मागितला, ओल्या हाताने डब्याला शिवू दिलं नाही, तिने रोज सकाळी आपल्या हाताने थोडा वास जिन्यात उधळला होता. आणि आपण वर येऊन म्हणत राहिलो, डबा उघडा टाकलास का.

त्यांनी स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि त्याचं टोक झाकणाखाली घातलं. वरचं निघालं. आतलं निघेना. दोन्ही अंगठे लावल्यावर ते फस्स करून सुटलं. तो आवाज काकांनी बरोबर ओळखला. दोन वर्षं आत काही गेलं नव्हतं की बाहेर आलं नव्हतं.

त्यांनी नाक जवळ नेलं. जुन्या पुठ्ठ्यासारखा वास आला, आणि त्याच्या तळाशी कॉफीचा अगदी पुसट.

"शिळ्या झाल्या," काका म्हणाले. "महिना म्हणाली होती ती." आणि मग ते रडले, मुलीसमोर आजवर कधी रडले नव्हते तसे. जरा शांत झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "पण झाकण बघितलंस? चाकूसुद्धा शिरला नसता."

बिया त्यांनी काकूंच्या कुंड्यांत घातल्या. दुपारी खाली जाऊन बुडाचा गंज खरवडला, डाग दिला, आत पाणी भरून पाहिलं, डबा उन्हात वाळवला. पुढच्या शनिवारी मुलगी मुक्कामालाच आली, येताना ताज्या भाजलेल्या बिया घेऊन. आईने शिकवल्याप्रमाणे तिने त्या रात्रभर परातीत पसरून ठेवल्या आणि पहाटे डब्यात भरल्या.

काका सहाला खाली गेले. पत्र्याची एक कड दुमडत होते. सातच्या सुमाराला जिन्यावरून तो वास उतरत आला, पायरी पायरीने, आणि ऐरणीपाशी येऊन थांबला.

काकांनी हातोडी ठेवली. चाळीस वर्षांत त्या हाकेला त्यांनी कधी ओ दिली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी जाऊन, वर बघत, ते मोठ्याने म्हणाले, "आलो गं!"