काकांच्या गाडीची तब्येत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, काकूला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या काकांना ओळखत नाही. ओळखत असता, तर मला तुमच्यासमोर तोंड उघडायचा धीर झाला नसता.

मी ॲप बनवते. म्हणजे कोड लिहिणारे वेगळे. पडद्यावर काय कुठे दिसावं, माणसाला काय वाचून बरं वाटावं आणि काय वाचून धास्ती वाटावी, ते मी ठरवते. असलं काम बनारसमध्ये बसून करता येतं यावर आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचा अजून विश्वास नाही. तर आमच्या लहानशा कंपनीनं गाड्यांसाठी एक ॲप काढलं. ऑइल कधी बदललं, ब्रेक कधी तपासले, टायर कधी घेतले, सगळं त्यात भरत जायचं. त्यावरून गाडीच्या तब्येतीचा शंभरपैकी एक आकडा निघायचा, आणि गाडी विकायला काढली की तोच आकडा गिऱ्हाइकाला दिसायचा. आकड्याभोवती एक गोल – हिरवा, पिवळा, लाल. तो गोल माझा. माझ्या आजवरच्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं काम. आणि त्याच गोलानं मी – पण थांबा. आधी काका.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बाबांची रेल्वेची बदलीची नोकरी, म्हणून मी शाळेपासून इथे बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात काका-काकूंकडे वाढले. त्यांना मूल नाही, असं लोक म्हणतात. मी होते की. बँकेतून निवृत्त झाल्यावर काका महाराष्ट्रातून आमच्याकडे येणाऱ्या यात्रेकरूंना आपल्या गाडीतून प्रयागला, गयेला नेऊ लागले. विधी सांगायला आमचे चुलत काका होते. “मंत्र त्यांचे, गियर माझे,” असं काका म्हणायचे. गाडी इतकी अलगद चालवायचे की साताऱ्या-सांगलीच्या आज्या मागच्या सीटवर गाढ झोपून जायच्या. गाडी पांढरी, जुनी, पण काय राखली होती. आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा अंग चोरून जाते, त्यामुळे ती लांब, एका ओळखीच्या माणसाच्या आवारात उभी असायची. अहिल्याबाई घाटावरून आंघोळ करून आले, चहा झाला, की काका तिला बघायला निघायचे. काकू म्हणायची, “सवत परवडली असती. ती निदान घरात तरी राहिली असती.”

आमचं ॲप पहिल्यांदा वापरलं ते काकांनीच. त्याला ते गाडीचं प्रगतिपुस्तक म्हणायचे. आकडा नव्वदीच्या वर, गोल हिरवागार. भेटेल त्याला मोबाइल दाखवायचे, पानवाल्यालासुद्धा. आणि वर सांगायचे, “हे आमच्या बिटियानं बनवलंय.”

मग एका हिवाळ्यात आम्ही प्रयागहून परत येत होतो. मी पुढच्या सीटवर, मागे दोन म्हाताऱ्या. लख्ख दुपार, धुकं नाही, काही नाही. एक माणूस ठेला ढकलत रस्ता ओलांडत होता. काका गाडी हळू करतील, असं मला वाटत होतं. करतच नव्हते. मी ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला, आणि ठेल्याचा कोपरा गाडीच्या दिव्याला घासून गेला. माणूस वाचला. त्यानं शिव्या घातल्या, काकांनी हात जोडले. पुन्हा गाडी सुरू करताना ते म्हणाले, “हा एकदम आला कुठून?”

एकदम आला नव्हता हो. कितीतरी वेळ रस्त्यातच होता.

घरी आल्यावर काकूला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. हल्ली चहा कपाबाहेर ओततात, पेपर नाकाला लावून वाचतात, म्हणाली. “तू सांग. तुझंच ऐकतील.” चुलत काकांनीही तेच सांगितलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची होती, आणि घरात सगळ्यांना माझेच हात दिसत होते.

काय सांगायचं होतं? एकच वाक्य. काका, तुम्हाला नीट दिसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. जिन्यात उभी राहून मी ते वाक्य कितीदा म्हणून पाहिलं. पण मला गाडी शिकवली ती ह्याच माणसानं, विद्यापीठाच्या आवारात. मी ती सरळ भिंतीवर घातली, तेव्हा घरी येऊन ‘माझ्याच हातून लागली’ म्हणून काकूची बोलणी यांनी खाल्ली. त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू की तुम्ही आता गाडी चालवू नका? आणि खरं सांगू? त्यांना वाईट वाटेल एवढंच भय नव्हतं. ते वाईट मला बघावं लागेल, याचं भय होतं.

म्हणून मी गोल बदलला.

आमच्याकडे चाचणीसाठी एक आतली वाट होती. तिथून कुठल्याही गाडीचा आकडा हातानं बदलता यायचा. मी काकांच्या गाडीचा आकडा खाली आणू लागले. एकदम नाही. एकदम पाडला असता तर त्यांना शंका आली असती. माणसाला काय खरं वाटतं ते मला कळतं, तेच तर माझं काम. नव्वदीतून ऐंशीत, मग सत्तरीत, गोल पिवळा. गाडीनंच काकांना सोडावं, मी मधे नको – असा माझा बेत.

गंमत अशी, की काकांना तो आकडा दिसतच नव्हता. “चष्मा कुठे गेला कोण जाणे, वाच ग, किती दाखवतंय?” असं म्हणून मोबाइल माझ्याकडे द्यायचे. मी वाचून दाखवायचे. आकडा बदलला नसता तरी चाललं असतं, तोंडी खोटं बोलले असते तरी भागलं असतं. पण माझ्या खोट्याला पुरावा हवा होता ना.

मला वाटलं होतं, दोन-चारदा आकडा ऐकतील आणि कंटाळून गाडी सोडतील. काकांना मी ओळखलंच नाही. ते गाडीच्या सेवेला लागले. ऑइल वेळेआधी बदललं, पट्टे बदलले, भर उन्हात बॉनेट उघडून उभे राहू लागले. पुन्हा येऊन मोबाइल पुढे करायचे, “आता बघ, आता वाढला असेल.” मी बघायचे. वाढला नाही, म्हणून सांगायचे. मग ते गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले. परत आले ते हसत, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, “मिस्त्री म्हणतो, चाचाजी, इंजन तो मक्खन है. माझं मन राखतोय बिचारा. तुझं मशीन कशाला खोटं बोलेल? माझ्याच हातून काहीतरी राहून जातंय.”

तेव्हा तरी थांबायचं होतं मी. बोटाच्या एका टिचकीनं तो गोल पुन्हा हिरवा झाला असता. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि तो लाल केला.

आता जे सांगते, ते याहून वाईट आहे. ॲपवरून तोवर एकही गाडी विकली गेली नव्हती. साहेबांना दाखवायला एक तरी विक्री हवी होती, आणि ती जमवायचं काम माझ्याकडे होतं. काकांचे डोळे, यात्रेकरूंचा जीव, हे सगळं खरंच होतं. पण मनात हेही होतं. किती होतं? मला मोजता येत नाही. होतं.

शेवटी काका स्वतःच म्हणाले, “लोक विश्वासानं बसतात. मधेच कुठे ब्रेक गेले तर त्या पापाचा धनी कोण? विकून टाकू.” गिऱ्हाईक रामनगरचं, टुरिस्टांसाठी गाड्या चालवणारा माणूस. लाल गोलाची गाडी कोण घेईल? म्हणून फक्त गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पानावर मी खरा आकडा परत लावला. त्याच्या मोबाइलवर हिरवा गोल, काकांच्या मोबाइलवर लाल. आणि काका प्रामाणिकपणे त्याला सांगत बसले, “देखिए भाई, गाडी में अब दम नहीं है. हमसे ठीक से सँभली नहीं.” तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी काकांच्या मागे उभी होते. मी हसले, आणि त्याला त्याच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. म्हातारा माणूस, विनयानं बोलतो आहे, असं त्याला वाटलं. त्यानं किल्ली घेतली.

इथे येणारे यात्रेकरू काशीत किंवा गयेला एखादी आवडती गोष्ट कायमची सोडतात. पुष्कळ जण हुशारीनं कारलं सोडतात, आणि काका त्यांची भरपूर थट्टा करायचे. त्या दिवशी आवारातून रिकाम्या हातानं परत येताना म्हणाले, “मी काही कारलं सोडलं नाही, बघ.” मला ऑफिसात त्या विक्रीबद्दल टाळ्या मिळाल्या. लौंगलता, ही इथली पाकातली मिठाई, मागवल्या होत्या. मी खाल्ली.

दीड-दोन वर्षांनी काका घाटाच्या पायऱ्यांवर पडले, तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? हे तर अगदी साधं काम. खरोखरच साधं निघालं. पट्टी सुटल्यावर काकांनी आधी काकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “तू एवढी वाळलीस कधी?” परवाना होता, नजर होती, हातही शाबूत होते. मी म्हटलं, काका, दुसरी गाडी बघू या. तर नको म्हणून मान हलवली.

ते एक वाक्य मी त्या हिवाळ्यात बोलले असते, तर आज गाडी आवारात असती.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं मैदागिनच्या बाजारात भाजी घेत होतो. समोरून ती आली. तीच पांढरी, आत परदेशी टुरिस्ट, टपावर त्यांच्या बॅगा. मला वाटलं, काकांना कळू नये. पण आता त्यांना माझ्याहून स्वच्छ दिसतं. पिशवी खाली ठेवून, ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते बघत राहिले. चेहऱ्यावर राग नाही, हळहळ नाही, कौतुकच होतं. मग मला म्हणाले, “बघितलंस? किती छान ठेवलीय त्यानं. आपल्याला नाही जमलं.”

मी म्हटलं, “हो काका.”