पट्ट्यावरचे दात

ताई हसताना तोंडावर हात धरते. गिऱ्हाइकांना वाटतं, लाजते. लाजते कसलं डोंबल! तिचा वरचा पुढचा दात अर्धा तुटलाय, तिरपा, आणि तो आमच्या बापानं तोडलाय. बाप म्हणजे आबा. त्यांना विचारा, सांगतील, पोर उंबऱ्यावर पडली. आख्ख्या गल्लीला तेच माहीत आहे, कारण आबांचं बोलणं साखरेत घोळलेलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा फिरवताना बाळा, राजा करणार आणि शटर खाली ओढलं की आमची पाठ सोलून काढणार.

मारायचे ते वस्तऱ्याला धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्यानं. त्याच्या एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला भिंतीच्या खिळ्यात अडकवायची पितळी कडी. मूठ त्यांच्या हातात, कडी आमच्या अंगावर. पंधराव्या वर्षी ताईनं एकदा वस्तरा ओला ठेवला आणि पात्यावर गंजाचा ठिपका आला. पहिल्याच फटक्याला कडी तोंडावर बसली, दात गेला. दुसरा फटका यायच्या आत तिनं पट्टा दोन्ही हातांनी पकडला आणि त्याच्या कडेला कचकन चावली. सोडेचना. आबांनी तिला पट्ट्यासकट दुकानभर फरपटलं, भिंतीवर आपटलं, लाथा घातल्या. तोंडातून रक्त गळतंय, पण रुतलेले दात काही निघत नव्हते. मी लहान, खुर्चीमागे लपून बघत होतो. त्यानंतर आईनं तो पट्टा कुठंतरी दडवला आणि मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आता आबांचे हात कापतात. दुकान ताई चालवते आणि आबांची दाढीही तीच करते. तिला त्यांच्याकडून एकच हवं होतं, त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडानं कबूल करावं. विषय निघाला की आबा कानांवर हात ठेवायचे, मी पोरांवर कधी हात उगारला नाही म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताई आपली साबणाचा फेस करत राहायची.

परवा दुकानातला जुना बाक मोडायला काढला, तर बसायच्या फळीखाली खिळ्यांनी ठोकलेला पट्टा निघाला. बुरशीनं पांढरा, वाळून नुसतं लाकूड. आबा म्हणाले हा आपला नव्हेच, कुणाचा तरी असेल, फेका. ताई तो घेऊन तडक माझ्याकडे आली. मी चामड्याच्या बॅगा, पाकिटं दुरुस्त करतो. म्हणाली, साफ कर आणि आपला आहे का ते बघून सांग.

मी कोरड्या ब्रशनं बुरशी झाडली. ओल्या फडक्यावर साबण घेऊन हलक्या हातानं मळ काढला, सावलीत वाळवला, मग तेलाचे पातळ हात देत गेलो. घाई करून तेल ओतलं की चामड्याचा लगदा होतो. काळी पडलेली कडी घासली, ती एका बाजूनं चेपलेली निघाली. वस्तरा घासून घासून पट्टा मध्यभागी झिजतो. या पट्ट्याला कडीजवळ आडव्या भेगा होत्या, आणि तशा भेगा माणसं झोडपल्याशिवाय पडत नाहीत. मग कडेवरून बोट फिरवलं तर ते अडकलं. बारीक खळग्यांची ओळ होती आणि त्यातला एक खळगा अर्धाच, तिरपा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ताईला बोलावून दाखवलं. म्हटलं, पट्टा नीट करायचा तर ही कड दगडानं घासून काढावी लागेल.

"हात लावलास तर हात मोडीन तुझा," ताई म्हणाली. असं ती आयुष्यात मला पहिल्यांदा बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिनं मला बोलावून घेतलं. आबा खुर्चीत होते, गळ्याभोवती कापड, गालाला फेस. ताईनं पट्टा भिंतीला अडकवला. आरशात तो दिसताच आबांनी हाताशी असलेला पाण्याचा वाडगा तिला फेकून मारला. हात कापतो, पण नेम चुकला नाही. तिची भुवई फुटली. तिनं रक्त पुसलंसुद्धा नाही. पट्टा खाली काढला, ओठ मागे घेतले आणि आरशासमोर उभी राहून पट्ट्याची कड दातांत धरली. एकेक दात आपापल्या खळग्यात बसला, तुटकाही.

"चावलीस म्हणून तर मारलं!" आबा कडाडले. "सोडला असतास तर दोन फटक्यांत भागलं असतं."

ताईनं पट्टा तोंडातून काढला. मूठ धरलेला तिचा हात वर गेला, आणि आबांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, अगदी आम्ही घ्यायचो तसे. कडी खुर्चीच्या हातावर बसली, लाकडाचा टवका उडाला. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

"ऐकलंस ना?" तिनं मला विचारलं.

"ऐकलं," मी म्हणालो.

मग ती हसली, तोंडावर हात न धरता. तिनं पट्टा परत भिंतीला अडकवला, चावलेली कड सोडून वस्तरा त्याच्यावर दोन्ही अंगांनी ओढला आणि आबांच्या हनुवटीखाली बोट लावलं.

"मान वर करा, आबा."

आबांनी मान वर केली. दाढी होईपर्यंत मी तिथून हललो नाही.