पदराच्या गाठीतला भंडारा

गये, चुलीपुढून ऊठ आणि नातीजवळ सरकून बस. तिलाच हे पत्र मोठ्यानं वाचू दे, तुला कुठं अक्षर दिसतंय आता! मोतीबिंदू पिकला तरी बाई दवाखान्याचं नाव काढू देत नाय. "खंडोबा हाय, तो बघून घील," म्हणे. अगं, मीही असंच म्हणत होते. त्यापायी माझा डोळा जायची वेळ आली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटलेली, शहरात आज बंद, उद्या संचारबंदी. माझा उजवा डोळा लहानपणी मेंढ्याच्या शिंगानं गेला, तुला ठाऊकच आहे. उरलेल्या डाव्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरातल्या दवाखान्यात झालं. तेव्हा डोळ्याला टाके पडायचे. वर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचंही नाही. तुझे दाजी मेंढरं बघायला बिडकीनला गेले आणि मागं एसट्या बंद पडल्या. मी अंधारात एकटी. मनात एकच घोर, पट्टीखाली डोळा आहे का गेला?

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून विमल चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला. कंपनी बंद म्हणून दिवसभर सासूजवळ. मला ती नुसती आवाजानं ठाऊक. भेटायला येणाऱ्यांना ती "जयभीम" म्हणायची, त्यावरून मी काय ते ओळखलं. "मावशे, पाणी देऊ?" विचारलं की मी म्हणायची, "तहान नाय." जीभ टाळूला चिकटलेली असायची, तरी. लपवत नाही, तेव्हा मी तशी होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा ठणकायला लागला. दाजींनी शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा उशाखाली ठेवला होता. आपल्यात मेंढराच्या जखमेलाही आधी भंडाराच लावतात. मी पुडी सोडली, चिमूट घेतली, पट्टीची कड उचलली. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट गच्च धरलं.

"अगं ए मावशे! हळद का डोळ्यात घालायचं औषध हाय व्हय?"

"सोड. देवाचा भंडारा हाय."

"देवाचा हाय ना? मग त्याला डोळ्यात कशाला कोंबतीस?"

झटापटीत भंडारा तिच्याच हातावर सांडला. उरलेला तिनं माझ्या पदराला गाठ मारून बांधला. "हं. देव पदराला, औषध डोळ्याला. आता गप पड." मग सिस्टरला बोलावून आणलं. सिस्टरनं कपाळ, गाल पुसून पट्टी नीट केली, ठणक्याची गोळी दिली. गोळी गिळायला विमलनं पेला ओठाला लावला. मी सगळं पाणी प्याले.

प्याल्यावर तिनंच सांगितलं, गावात तिच्या मामाचं घर जाळलं होतं. मला शरमल्यासारखं झालं. म्हटलं, "मग माझी सेवा कशापायी करतीस?"

"सेवा कसली? तू एकसारखी कण्हतीस, माझ्या सासूला झोप लागंना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. समोर नुसतं धुकं. गेला गं डोळा, म्हणून मी पदरातली ती गाठ मुठीत धरली आणि मनात म्हटलं, देवा, माझं मागून झालं, आता तुला काय करायचं ते कर. डॉक्टर म्हणाले, "बाई, घाबरू नका," आणि डोळ्यापुढं एक जाड भिंग धरलं.

गये, मला आधी काय दिसलं सांगू? खाटेच्या दांडीवर टेकलेली चार बोटं. पिवळीधमक. रात्रीतून हळद गेली नव्हती. मग वर बघितलं तर एक किडकिडीत बाई हसत होती.

मी खंडेरायाला डोळ्यात बोलावत होते, आणि तो मनगट धरायला येऊन उभा होता. मला तरी असंच वाटतं. कुणाला पटो न पटो. आपण हाक मारावी, कुणाच्या हातानं यायचं ते त्याच्यावर सोडावं.

आता ना टाके, ना वाळूच्या पिशव्या. विमल अजून उस्मानपुऱ्याला माझ्याकडं येती, तुला दवाखान्यात न्यायला तीही तयार आहे. रविवारच्या एसटीनं ये बाई, जास्त लांबवू नको. भंडारा आण हो, पण पदराला बांधून.