पेजेचा चमचा आणि मोबाईलमधली बाई

माझी नात पहिल्या बाळंतपणाला भाईंदरला आमच्याकडे आली. तिची आई, म्हणजे माझी सून, दिवसभर बाजारात मासळी विकते. त्यामुळे पोरीचं आणि बाळाचं सगळं माझ्याकडे. बाळ पाच महिन्यांचं झालं तशी काशीगावाहून, तिच्या सासरहून, बोलावणी सुरू झाली. रविवारी जावई न्यायला येणार असं ठरलं आणि पोरीचं तोंड उतरलं. सासूचं म्हणणं, लागोपाठ दुसरंही होऊ दे, एकदाच सुटशील. हिला लॅबमधली नोकरी परत धरायची होती. लगेच दिवस राहिले असते तर मालक काही तिची वाट बघत बसला नसता.

मी तिला सांगून टाकलं होतं, अंगावर पाजतेयस तोवर काही होत नाही. आमच्या वेळी सगळ्या हेच धरून चालायच्या.

आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी तिच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. दिवस राहणं कसं टाळायचं, गोळ्या कुठल्या, पिशवीत बसवतात ती तांबी म्हणजे काय, सगळं त्यातली बाई मराठीत बोलून सांगते. मी चौथी शिकलेली, वाचायला वेळ लागतो, पण कान धड आहेत. बाळाला मांडीवर घेऊन मी ऐकत बसले. बाईने विचारलं, पाळी परत आली का? नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का? हो. बाळाला फक्त अंगावरचं दूध देता का? नातीने हो दाबलं. मी म्हटलं, बघ, मी काय सांगत होते?

मग बाई म्हणाली, "पाणी, घुटी, पेज, वरचं दूध, यातलं काहीच देत नाही ना?"

नातीने माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. बाळाने पेजेसाठी तोंड उघडलं.

"हे काय जेवण आहे? पाणीच आहे निव्वळ," मी म्हटलं.

नातीने 'देते' असं दाबलं, तर बाईला ते चालेना. मग नुसत्या पाजण्यावर विसंबू नका, दवाखान्यात जा, म्हणाली. मी मोबाईलशी भांडायला लागले तेव्हा नातीने हळूच विचारलं, "आजी, बाबांत आणि काकांत किती अंतर गं?"

"वर्षाचं."

"आणि बाबांना पेज घालायचीस?"

"गप बस," मी म्हटलं आणि वाटी खाली ठेवली.

रविवारी जावई आले. जेवणं झाल्यावर नातीने मोबाईल त्यांच्या हातात दिला. मी उठून गेले नाही, आमच्या घरात जायला दुसरी खोली आहे कुठे? कान लाल होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तांबी बसवताना हिला दुखेल का?" तोवर मला हा माणूस नुसता केस विंचरणारा वाटायचा. त्या दिवसापासून मी त्याला पापलेटाचा मधला तुकडा वाढते.

निघायची घाई त्यांनाच होती. मी म्हटलं, "दवाखाना उद्या उघडतो. पोरगी उद्या येईल."

"आजी, आईला काय सांगू?"

"सांगा, म्हातारी सोडत नाही."

ते हसले आणि बाहेर जाऊन फोन केला.

सोमवारी दोघं मिळून गेली. नर्सबाईंनी तपासलं, सगळं पुन्हा समजावलं आणि तिला काय हवं ते विचारलं. तिने तांबी बसवून घेतली. घरी आली ती ओटीपोट धरून, कपाळाला आठ्या, पण भात दोनदा मागून खाल्ला. संध्याकाळी बाळाला घेऊन सासरी गेली.

आता ती लॅबमध्ये जाते. तिची सासू अजून माझ्याशी धड बोलत नाही. मीही बोलायला जात नाही.